तेलाच्या जहाजाचा दिवस

ग्रीनॉक, स्कॉटलंड
४ मार्च १९४६

प्रिय मर्डो,

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघी ठीक आहोत. आईंचा खोकला उतरलाय, हेरिंग मासे तळायला घेतले की उठून बसतात. तुमची युद्धातली बोट 'मार्शवॉर्ट' भंगारात निघाली हे त्यांना वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाल्या, "माझा थोरला लॉकलन खाल्ला तिनं."

पाद्रीबाबांना भेटून आले. आपल्या लग्नाची घोषणा या रविवारी चर्चमध्ये करू नका म्हटलं. त्यांना कारण सांगितलं नाही. तुला सांगते.

परवा पास्को येऊन गेला, तुमच्या बोटीवरचा आचारी. लॉकलनच्या नकला करून त्यानं आईंना खूप हसवलं. त्या आत गेल्यावर, तू तेव्हा कळवलं होतंस तेच धरून, मी सहज म्हणाले, "त्या वादळात लाटेनं लॉकलनला नेलं नसतं तर आज इथं बसला असता."

पास्कोनं कप खाली ठेवला. "कसलं वादळ, वहिनी? समुद्र ताटासारखा सपाट होता."

मग त्याला पुढचं सांगावंच लागलं. तुमची बोट राखत होती त्या ताफ्यातलं तेलाचं जहाज शत्रूच्या पाणबुडीनं बुडवलं होतं. माणसं पाण्यात होती. त्यांना ओढून घ्यायला लॉकलन बोटीच्या कडेला सोडलेल्या जाळीवरून खाली उतरला आणि एका पोराला धरायला पाण्यात शिरला. तू पाण्याखालचे आवाज ऐकायच्या यंत्रावर होतास. पाणबुडी जवळ आहे, असं तू कळवलंस. कप्तानांनी तिच्या मागावर बोट पुढं काढली. लॉकलन मागं राहिला. पाणबुडी सापडली नाही. तुम्ही परत फिरलात तेव्हा पाण्यावर नुसतं तेल होतं.

"मर्डो खोटं बोलला असेल तर तुमच्या भल्यासाठीच," पास्को म्हणाला.

असेलही. पण लॉकलनच्या आधी तूही मला मागणी घातली होतीस आणि मी नाही म्हणाले होते, हे पास्कोला ठाऊक नाही.

मर्डो, तुला तो आवाज खरंच आला होता का?

लिहून कळवू नकोस. कागदावर तू नेहमीच गोड असतोस. इथं ये आणि माझ्याकडे बघून सांग. आवाज आला असेल, तर बोटीवरच्या सगळ्यांसाठी तू सख्खा भाऊ सोडलास. ते ओझं तुझ्याबरोबर मीही उचलीन. नसेल आला, तरी ये. दार मी उघडीन. त्यापुढचं मला आज सांगता येत नाही.

तोवर फक्त लॉकलनची बायको,
इशबेल