संकासूर काचेआड गप्प बसेना

बाबा, आज सकाळी पूजा आटोपली आणि तुमचा दशावतारातल्या संकासुराचा काळा झगा ट्रंकेतून काढून गॅलरीत उन्हात टाकला. तोंड झाकणारी टोपी झटकली, लाल कापडी जीभ सरळ केली. बायको आतून ओरडली, "अहो, शेजारीपाजारी म्हणतील, घरात भूत पाळलंय! आणि शोभायला तर हवं! सासरे रात्रभर जत्रेला हसवायचे, तुमच्या तोंडून दिवसाला चार शब्द पडत नाहीत."

बोरिवलीला किनाऱ्यावरच्या लोकांच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय निघतंय. मनोरीच्या कोळ्यांची जाळी, वल्ही आधीच भिंतीवर लागलीत. तिथल्या बाईंनी काचेच्या कपाटात ठेवायला दशावतारातलं काही मागितलं, तेव्हापासून मरोळच्या कारखान्यात माझं कामात लक्ष नव्हतं. द्यायचं तर होतं. पण जाळं भिंतीवर मुकाट राहतं, संकासुराचं काय? त्याचं सगळं सोंगच बोलण्याचं. काचेआड तो मुका झाला तर तुम्हीच मुके झाल्यासारखं वाटलं असतं मला.

दुपारी घेऊन गेलो. बाईंनी झगा लाकडी स्टँडवर चढवला. जीभ नुसती लोंबत राहिली. दारावरचा वॉचमन आपल्या गावाकडचाच, तो हसायला लागला, "संकासूर आणि गप? ह्यां काय खरां नाय!"

"मग काका, तुम्हीच बोलून दाखवा ना," बाई म्हणाल्या.

मी चपला काढतो, झग्याच्या पाया पडतो, आणि मला आपलं गावचं स्वयंपाकघर दिसतं. जत्रेहून सकाळी परतलेले तुम्ही चुलीपुढे पेज पिताय, डोळ्यांभोवतीची काजळी तशीच. लहानगा मी विचारतो, एवढ्या लोकांपुढे लाज नाही वाटत? तुम्ही ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवता. "झिला, हेच्या आत माणूस लाजणा नाय."

टोपी घातली. आत डांबरगोळ्यांचा वास. आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "ओ बाई, माका काचेत घालतास? आदी माजी पेज खंय ती सांगा!" बाई हसून हसून खाली बसल्या. वॉचमन टाळ्या पिटत होता. मी थांबेचना, बाबा! देवांना, बाईंना, वॉचमनला, कोणालाच सोडलं नाही.

झगा तिथे देऊन आलो, पण काचेत नाही. दर रविवारी मी जाऊन तो घालायचा आणि बोलायचं, असं ठरवून आलो. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवतोय. या रविवारी बायको शेजारणींना घेऊन सासऱ्यांचा झगा बघायला येणार आहे. आत कोण असेल, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.