गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली

सोमवार, ३ मार्च
सकाळी सहाला मैदानावर. अप्पा आधीच हजर. ट्रस्टचे अध्यक्ष, त्यामुळे मारुती त्यांचा आणि मैदानही त्यांचंच. "मॅडम, मुलींना उद्यापासून फुल पँट. समोर मारुती आहे, ब्रह्मचारी दैवत." त्याच मारुतीसमोर तालमीतली पोरं लंगोटावर दंड काढत होती. मी तिकडे बघितलं. अप्पांनीही बघितलं. "त्यांचं वेगळं," म्हणाले.
हो म्हणून टाकलं. कसबा पेठेत कबड्डीला दुसरी जागा कुठून आणू? आणि वाद घालायचा कंटाळा आला, हेही खरंच.

बुधवार, ५ मार्च
ट्रॅकपँटमध्ये सराव. मुली घामाघूम. समीक्षाच्या चढाया जड झाल्यात, समोरच्या पँट धरूनच मागे ओढतात. माझ्याकडची सगळ्यात चांगली चढाई तिची. पण वडील जिल्हा निवड चाचणीला सोडत नव्हते. तंगड्या उघड्या टाकून वगैरे, नेहमीचंच. संध्याकाळी खडकीला त्यांच्या क्वार्टरवर गेले. सांगितलं, आमच्याकडे पूर्ण पँट असते, देवळाचाच नियम आहे. गृहस्थ खूश. लगेच परवानगी. अप्पांचा नियम मी माझ्याच तोंडाने गोड करून सांगितला. लाज वाटली. चहा मात्र प्यायले.

शनिवार, ८ मार्च
महिला दिन. ट्रस्टतर्फे माझा सत्कार. शाल, नारळ, आणि नारीशक्तीवर अप्पांचं पाऊण तास भाषण. मुली मागे सतरंजीवर, फुल पँटमध्ये. शनिवार, म्हणून मारुतीला गर्दी. आम्ही नमस्कार चौथऱ्याखालूनच केला, बायकांनी वर चढायचं नाही. शाल बरी आहे. आईला देईन.

मंगळवार, ११ मार्च
चाचणीचे कपडे आले. मुलांची चड्डी गुडघ्यापर्यंत, ढगळ. मुलींची वीतभर, अंगाला चिकटणारी. आयोजकांच्या सचिवांना फोन. आत लेगिंग्ज चालतील का?
"नाही हो मॅडम. प्रायोजकांचं डिझाइन आहे. लाइव्ह दाखवणार, जरा स्मार्ट दिसू द्या की मुलींना."
मग मुलांना का नको स्मार्ट?
"तुम्ही पण ना मॅडम!" ठेवला.
इथे देव बघतो म्हणून झाका, तिथे लोक बघणार म्हणून उघडा. वीस वर्षं हेच चाललंय. मी खेळत होते तेव्हा निदान भांडायचे तरी. आता नुसतं डोकं दुखतं. कपडे अजून खोक्यातच, मुलींना दाखवायचा धीर होईना.

गुरुवार, १३ मार्च
दाखवले. तासाभरात समीक्षाची आई मैदानावर. "अहो मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, पूर्ण पँट? हे म्हणतात, मॅडमनी फसवलं आपल्याला."
बरोबर आहे त्यांचं. त्या दिवशी एवढंच सांगायला हवं होतं की तुमची मुलगी उत्तम खेळते. पँटचं कशाला काढलं मी...
समी म्हणाली, "मुलांचीच चड्डी द्या ना मला. गुडघा झाकतो आणि पळताही येतं."
इतकं सोपं. कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तिला काय हवंय हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, एवढी चालेल, मी बोलते ह्यांच्याशी. मुलांच्या मोहिते सरांकडून एक मीडियम मागून घेतली. सरांनी कशाला हवी ते विचारलं नाही, बरं वाटलं.

रविवार, १६ मार्च
स्टेडियमच्या बाकावर बसून लिहितेय. पंचांनी समीला आत जाताना अडवलं. "हे पुरुषांचं आहे." रंग तोच, नंबर तिचाच, पाच-सहा इंच कापड जास्त. सचिवांना बोलावलं. मी बोलले, बरंच बोलले, आवाज चढला माझा. उपयोग शून्य. दहापर्यंत तिने कपडे बदलायचे, नाहीतर यादीतून नाव खोडायचं. दोन्ही नाही, तर अख्खा संघ बाद.
बाकीच्या अकरा जणी माझ्या तोंडाकडे बघतायत. समीचे वडील पहिल्यांदाच खेळ बघायला आलेत, वर तिसऱ्या रांगेत. त्यांना यातलं काही माहीत नाही. मला हात केला त्यांनी.
समीला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, मला सोड, घरच्यांना सोड, तुला काय करायचंय ते सांग. तू म्हणशील ते मी करते.
बराच वेळ बुटाची लेस बांधत बसली. मग खालीच बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं."
चार वर्षं हेच तर शिकवलं मी तिला.
दहाला सात कमी. यादी अजून माझ्याच हातात आहे.