शेवटच्या कडव्यापर्यंत

प्रिय धाकटे,

आपला टेलर उद्या परत निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तुझ्या नवऱ्याचा शोध अजून लागलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या एका बातमीसाठी तुझे डोळे ओळींवरून धावत सुटायला नकोत. फोनवर तू येत नाहीस. भाचा म्हणतो, "आई नुसती मान हलवते, मामा." बरोबरच आहे. फोनवर आपण भावंडं कधी नीट बोललो आहोत? जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, संपलं. पत्रांत मात्र मी लांबण लावायचो आणि तू उलट लिहायचीस की दादा, मुद्द्यावर ये, माझं दूध उतू चाललंय. आज मुद्दा शेवटी येईल. तोवर ऐकून घे.

हा किनारा फार सुंदर आहे. इतका, की आता त्याचा राग येतो. आमच्या छापखान्यात एका वर्षी कॅलेंडर छापलं होतं, त्यातलं डिसेंबरचं पान तुला आठवत असेल. पांढरी घरं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली समुद्रात उतरलेली, आणि पाणी असं की निळ्या शाईची बाटली लवंडावी. ते पान मी वर्ष सरल्यावरही टेबलासमोर ठेवलं होतं. तुझा आगबोट मला भेटायला यायचा तेव्हा त्या पानावर बोट ठेवून म्हणायचा, "म्हातारे झालो की इथे जायचं, हिवाळ्यात. तेव्हा गर्दी नसते." टेलर म्हणायचा, "म्हातारे होऊ तेव्हा गुडघे इथवर येतील का ते आधी बघा." तर आलो. पानावर होतं तसंच सगळं निघालं, एवढ्या वर्षांत रंगसुद्धा उडालेला नाही. सकाळी ऊन पाण्यावर पडतं तेव्हा शाळेतल्या सगळ्या कविता एकदम तोंडात येतात आणि एकही पुरी पडत नाही. पहिल्या दिवशी मी तिघांच्या वतीने थोडा रडलोही. आगबोट म्हणाला, "हा मेहुणा मला हुंड्यात मिळाला. परत घेत नाहीत."

दिवस मजेत चालले होते गं. खोली एकच, दोन पलंग आणि एक उघडमीट करायचा सोफा. सोफ्यावर झोपायची पाळी आली की टेलरच्या कमरेत हमखास उसण भरायची. घरमालकीण एकटीच राहते, आमच्याएवढीच असेल. तिच्या मोबाइलमध्ये भाषांतर करणारी एक बाई आहे, ती आपली भाषा बोलते, पण अगदी बातम्या दिल्यासारखी. मालकीणबाई काहीतरी गोड हसून सांगायची आणि फोन म्हणायचा, "आपण स्नान केल्यानंतर नळ बंद करावा." तुझा नवरा त्या फोनला कोपरापासून नमस्कार करायचा. बाई बिचारी हसून हसून खुर्चीत बसायची.

निघताना तू मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस, "दादा, त्याच्याकडे लक्ष ठेव. पाणी दिसलं की म्हातारा पोर होतो." मी लक्ष ठेवत होतो, धाकटे. आपल्या पद्धतीने ठेवत होतो, आणि ती पद्धत तुझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? शाळेमागच्या खाणीत पाणी साठायचं, आम्ही तिघं त्यात उड्या घ्यायचो आणि तू काठावर आमच्या कपड्यांची राखण करत बसायचीस. घरी सांगेन म्हणून धमक्या द्यायचीस, सांगितलं मात्र कधी नाहीस. खाण खोल होती, म्हणून आपण नियम केला होता. पाण्यातल्याने कवितेची एक ओळ ओरडायची, काठावरच्याने पुढची. ओळ आली नाही की काठावरच्याने उडी घ्यायची. कविता ठरलेली होती, तीच ती लांबलचक, जिचं प्रत्येक कडवं फिरून एकाच चरणावर येतं. गुरुजींना वाटायचं, या पोरांना काव्याची काय गोडी! ती गोडी बुडण्याच्या भीतीची होती हे त्यांना कधी कळलं नाही. मला मात्र ती खरोखरच लागली आणि जन्मभर पुरली.

इथेही तेच चालू होतं. ऊन चढून पाणी सोसवेल इतपत झालं की आगबोट उतरायचा. मी खालच्या धक्क्यावर दगडी कठड्याशी बसायचो, टेलर वर गॅलरीत टॉवेल वाळत घालता घालता आम्हाला नावं ठेवायचा. उतरण्यापूर्वी आगबोट कवळी काढून रुमालात गुंडाळायचा आणि माझ्या हाती द्यायचा. "सांभाळ. जेवणाची सोय आहे ती." मग बोळक्या तोंडाने पाण्यातून ओळी यायच्या, नुसती हवा आणि फेस. निम्मी अक्षरं वाऱ्यावर, निम्मी लाटेत. पण कविता पाठ असली की तेवढं पुरतं. मी उत्तर द्यायचो, तो पुढे जायचा.

त्या दिवशी ऊन फार छान होतं. मी डोळे मिटून घेतले होते. त्याची ओळ, माझी ओळ. त्याची, माझी. मला खाण दिसत होती, काठावरचं तुझं परकर सावरून बसणं दिसत होतं, भिंतीवर रांगेत वाळणाऱ्या चड्ड्यासुद्धा. कडव्यामागून कडवं सरत गेलं. शेवटचा चरण मी नेहमीसारखा लांबवून म्हटला आणि डोळे उघडले, तर पाण्यावर कोणी नव्हतं. समुद्र अगदी स्वच्छ होता, फळा पुसून ठेवावा तसा.

मग टेलर ओरडत खाली आला, मालकीणबाई धावली, बचावपथकाच्या बोटी आल्या. अधिकारी तरुण होता, भला होता. त्याने मालकीणबाईच्या फोनमधून विचारलं आणि तीच बातम्यांतली बाई मला म्हणाली, "आपण त्या मनुष्याचा आवाज शेवटी केव्हा ऐकला?" मी म्हणालो, आत्ता. शेवटच्या कडव्यापर्यंत तो बोलत होता. मला खात्री होती. फोनने ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि धक्क्याजवळचं पाणी विंचरून काढायला सुरुवात केली, कारण इतक्या थोड्या वेळात माणूस लांब जाणार कुठे?

भाचा पासपोर्टच्या कचेरीत खेटे घालत राहिला आणि मी इथे रोज त्याला फोनवर सांगत राहिलो, शोध चालू आहे. चालू होताच. बोटी जवळच फिरत होत्या. टेलर माझ्याशी फार बोलत नव्हता. मला वाटलं, दुःखाने. काल बॅग भरताना तो पलंगावर बसला, एका शर्टाची घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. सबंध आयुष्य कपड्यात गेलं, पण त्याला ती घडी जमेना. मग म्हणाला, "तुला सांगू की नको असं झालंय मला. पण सांगितल्याशिवाय विमानात बसवणार नाही. त्या दिवशी मी वरून ऐकत होतो. सुरुवातीची दोनतीन कडवी दोघांची होती. पुढे मला फक्त तुझा आवाज येत होता. मला वाटलं, आगबोट आज दमला, नुसता तरंगतोय, आणि तू एकटाच रंगात आला आहेस. तू असा रंगात येतोस, त्यात नवीन ते काय?"

मी जन्मभर मुद्रितं तपासली. छापखान्यात कोणी नवा आला की पहिल्या दिवशी त्याला बजावायचो, बाबा रे, मनातलं वाचू नकोस, कागदावर आहे ते वाच. पाठ असलेला मजकूर फार घात करतो, नसलेलं अक्षरही डोळ्यांना दिसतं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस मी, आणि माझ्या कानांनी नसलेल्या ओळी ऐकल्या. पाण्यावर लाट फुटत होती आणि मी तिला कवळीशिवायचा आगबोट समजून उत्तरं देत होतो. कोणत्या कडव्यात तो थांबला ते मला ठाऊक नाही. कधीच कळणार नाही. मी कविता मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहतो, प्रत्येक ओळीशी थांबून पाहतो. इथे असेल का? की इथे? काही सापडत नाही. इतक्या वर्षांची माझी ती कविता आता मला नको झाली आहे, पण ती थांबवता येत नाही.

आज सकाळी मी मालकीणबाईचा फोन घेऊन अधिकाऱ्याकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. मग त्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू बाहेर, मोठ्या पाण्यात नेलं. तिकडे प्रवाह ओढत नेतो, म्हणाला. पहिल्याच दिवशी तिकडे गेले असते तर? मी विचारलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोन त्याने टेबलावर तसाच राहू दिला.

आता मुद्दा. शोध थांबवायचा की चालू ठेवायचा हे इथे घरच्यांनी सांगायचं असतं. भाच्याने तुला विचारलं तेव्हा तू इतकंच म्हणालीस म्हणे, "दादा म्हणेल तसं." ज्याच्या कानांनी हे केलं त्याच्याच तोंडावर तू हे सोपवलंस. थांबवायला मी नाही म्हणणार होतो. चालू ठेवा, आणखी थोडे दिवस, असंच म्हणायला गेलो होतो. पण तो नकाशा पाहिल्यावर मला दिसलं की मी पुन्हा तेच करतो आहे, पाण्यावर कोणी नसताना पुढची ओळ म्हणतो आहे, आणि यावेळी ती तुला ऐकवतो आहे. म्हणून मी त्यांना थांबवा म्हणालो. आज दुपारी बोटी परतल्या. टेलर म्हणतो, तिला एवढ्यात सांगू नकोस, आशेवर माणूस जगतं. जगत असेल. पण भाच्याने मला सांगितलं आहे की निजताना तू घराच्या दाराला आतून कडी घालू देत नाहीस, आगबोट आल्यावर त्याला ताटकळत उभं राहायला लागू नये म्हणून. मला काय बोलायचं ते बोल, जन्मभर तोंड पाहू नकोस. पण धाकटे, कडी घालू दे. तो येणार नाही.

तुझाच,
दादा