कोऱ्या तव्यांची ग्वाही

कोलोन,
४ सप्टेंबर २०१६

ती. सौ. आत्यास,
ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. सत्तावीस ऑगस्टच्या कोरियन मेळ्यात सगळं मांस नव्या कोऱ्या तव्यांवर शिजलं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं, असं मी लिहिलं होतं. मी ते पाहिलं नाही. सकाळी खोक्यांतून तवे निघताना पाहिले, एवढंच. नंतर दिवसभर मी बाहेर अंगणात किंबापच्या टेबलाशी होते. किंबाप म्हणजे भात आणि भाज्या समुद्री शेवाळात गुंडाळून केलेल्या सुरळ्या. मांस असेल तिकडे मी जात नाही, हे तुला माहीत आहे.

ध्रुवदादाने गाड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून हे मेळे भरवायला घेतले, तेव्हा ‘माझ्या लेकावर लक्ष ठेव’ असं तू मला लिहिलं होतंस. तू थट्टेने लिहिलं असशील. मी ठेवलं. कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. इथल्या तुर्की आणि मोरोक्कन घरांतल्या मुली कोरियन मालिका बघतात, पण जेवण हलाल नसतं म्हणून घरचे लांब राहतात. त्यांना कोरियन ढोल, पोशाख, कागदी कंदील आणि निर्धास्त खाता येईल असं जेवण एकाच छपराखाली द्यायचं, असं दादाने आणि त्याच्या भागीदार युनबाईंनी ठरवलं. स्वयंपाक युनबाईंचा, बाकी सगळं दादाचं.

मंगळवारी कंदील ठेवायला मी दादाच्या केलरमध्ये गेले, म्हणजे इमारतीच्या तळघरात. तिथे ते तवे होते. बुडाला कारखान्याची कागदी लेबलं जशीच्या तशी, ना करपलेली ना सुरकुतलेली. मग दोनशे माणसांसाठीचं मांस शिजलं कशात? हॉल कार्निव्हलवाल्या एका मंडळाचा आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर मोठे काळे बिडाचे तवे टांगलेले आहेत, आणि त्यांवर ते लोक डुकराचं मांस परततात.

दादाला विचारलं तर हसला. हो, हो, तेच तवे वापरले, ती लेबलं जळत नाहीत म्हणाला. रात्री जेवताना आपणहून म्हणाला की बरंचसं मांस ओव्हनमध्येच केलं होतं. परवापासून केलरला नवं कुलूप आहे. सायकली चोरीला जातात म्हणे. असेलही.

आत्या, मला झोप लागत नाही ती हातिजेबाईंमुळे. मशिदीच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. बायका-मुलांचा मोठा घोळका घेऊन त्या आल्या होत्या. तवे खरंच वेगळे आहेत का, तू स्वतः पाहिलंस का, असं त्यांनी मला दारातच विचारलं. मी हो म्हणाले. मग त्या आत गेल्या आणि जेवल्या.

हे ग्रुपवर लिहिता येत नाही, दादा तिथे आहे. म्हणून कागद. उद्या गणपती, माझ्या वाटचा मोदक कुणाला देऊ नकोस. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
ज्ञानदा


गडहिंग्लज,
१७ सप्टेंबर २०१६

चि. ज्ञानदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी-गणपती छान झाले. तुझ्या वाटचा मोदक तुझ्या बाबाने खाल्ला. भांडण त्याच्याशी कर.

पाचवीपर्यंत तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शिकलीस. पाहिलेलं एकीकडे लिहायचं आणि वाटलेलं दुसरीकडे, हे मी तुला तिथेच सांगितलं होतं. तसं मांडलं तर पाहिलेलं काय? लेबलं. बाकी सगळं वाटलेलं. केलरला कुलूप लागलं यात काय नवल? ज्यांच्या सायकली जातात त्यांनी काय करावं, आरती ओवाळावी? दुधात पाणी आहे म्हणून तू त्या गवळ्याच्या मागे फाटकापर्यंत जायचीस, आणि तो बिचारा माझ्याकडे बघून हात जोडायचा. पाणी असायचं, हेही मान्य करते.

आता पुढचं सावकाश वाच. रविवारी ध्रुवचा फोन आला होता. मी तुझं नाव काढलं नाही. पुढच्या खेपेला येताना तिकडचा एखादा बरा तवा घेऊन ये, एवढंच म्हणाले. तर तो मला सांगू लागला की मेळ्यातले तवे अगदी उत्तम चालले आणि कुणाची काही तक्रार नाही. मेळ्याचं मी विचारलंच नव्हतं. लहानपणी हा मुलगा बरणी फोडली की आधी येऊन सांगायचा, आज मांजर फार हिंडतंय म्हणून.

तू त्या युनबाईंना विचार. आरोप करू नकोस, नुसतं विचार. आणि जेवत जा. काळजीने पोट भरत नाही.

तुझी
सुलेखाआत्या


कोलोन,
३० सप्टेंबर २०१६

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

युनबाईंना विचारलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवते. हे सगळं ऐकलेलं आहे.

त्या हॉलची शेगडी काचेची, इंडक्शनची. दादाने मागवलेले तवे अॅल्युमिनियमचे, ते तिच्यावर तापेनातच. बाहेर ढोल सुरू झाले होते आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शेवटी दादाने भिंतीवरचे काळे तवे उतरवले, उकळत्या पाण्याने घासून घेतले आणि युनबाईंपुढे ठेवले. त्या नको म्हणाल्या. तेव्हा दादाने सांगितलं की हातिजेबाईंना विचारलंय, धुऊन घेतले तर चालेल म्हणाल्यात. मग त्यांनी मांस टाकलं. मी हातिजेबाईंजवळ सहज विषय काढला. त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं.

आधी मला वाटलं युनबाई स्वतःला वाचवतायत. पण हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि हातातला कांदा नुसता सोलत होत्या, सोलून संपला तरी.

मग दादापुढे सगळं मांडलं. या वेळी तो हसला नाही. आल्झो, म्हणजे हे बघ ज्ञानू, धुतलं की झालं, त्यांच्यातही बऱ्याच जणांना चालतं, मी वाचलंय म्हणाला. चालतही असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण तुझ्याकडे एकादशीला कुणी आमटीची पळी साबुदाण्यात घातली, तर तू नुसती पळी धुऊन गप्प बसत नाहीस. आतोबांना सांगतेस, आणि खायचं की नाही ते आतोबा ठरवतात. इथे ज्यांनी ठरवायचं त्यांना कळूच दिलं नाही.

दुसरा मेळा सहा नोव्हेंबरला, त्याच हॉलमध्ये. तो जमला तर पुढे आखन आणि एर्लांगेन या शहरांत. दादाने या वेळी बरोबर बुडाचे तवे आणले आहेत. मी शेगडीवर ठेवून पाहिले, तापतात. म्हणजे यापुढे सगळं खरंच नीट होईल, मग झालेलं उकरून कुणाचं भलं होणार, असं त्याचं म्हणणं. आणि त्याला मी पुन्हा दारात हवी आहे. तू मांसाला शिवत नाहीस, तुझा यात काही स्वार्थ नाही, म्हणून लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात, असं तो अगदी सहज बोलून गेला. पहिल्या वेळीही त्याने मला त्यासाठीच उभं केलं होतं का, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मी हातिजेबाईंना सांगितलं तर महिला मंडळ येणार नाही, आणि ते आलं नाही तर दादाचा धंदा बसेल. नोकरी तर सोडलेलीच आहे. तो तुझा मुलगा आहे. म्हणून तुला विचारल्याशिवाय मी काही करत नाही. उत्तर काहीही आलं तरी मला आपलीच समज.

तुझी
ज्ञानदा


गडहिंग्लज,
१२ ऑक्टोबर २०१६

चि. ज्ञानदास,
आशीर्वाद.

काल दसरा झाला. आतोबांना सगळं वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले की मेकॅनिकल इंजिनिअर म्हणवतो आणि तवा शेगडीवर तापेल की नाही हे बघत नाही. मग उठून बागेत गेले ते जेवायलाच आत आले.

मला विचारलंस हे चांगलं केलंस आणि वाईटही केलंस. आईला कुणी असं विचारू नये. त्याने नोकरी सोडली तेव्हा मी इथे सगळ्यांना सांगत फिरले की माझा मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहतोय.

सांग. पण त्याच्या पाठीमागे नको. कुठल्या दिवशी जाणार ते त्याला आधी कळव. यायचं असेल तर तोही येईल. तो आला तर मला फोन कर. नाही आला तर लिही.

तुझी
आत्या


कोलोन,
२३ ऑक्टोबर २०१६

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. काल दादाकडे गेले. हातिजेबाईंना सगळं सांगणार आहे, असं बसायच्या आतच त्याला सांगितलं, नाहीतर धीर झाला नसता.

आधी तो म्हणाला की हे आईने पढवलंय. मग म्हणाला की तुला दुसऱ्याच्या घरात झुरळं शोधायची सवयच आहे. मी ऐकून घेतलं, थोडं खरंही आहे. मग त्याने स्वतः चहा केला आणि अगदी शांतपणे सांगितलं की सहा तारीख होऊ दे, मग मी स्वतः जाऊन सांगतो, गेनाऊ, अगदी जसं घडलं तसं. तो मनापासून बोलतोय की मला तेवढे दिवस थोपवतोय, हे मला ठरवता येईना. पूर्वी आलं असतं.

पण हातिजेबाईंनी सहा तारखेसाठी पहिल्याच्या दुपटीने नावं कळवली आहेत. मागच्या वेळी सगळं नीट होतं म्हणून, असं त्यांनी युनबाईंना लिहिलंय. त्या बायका माझ्या होकारावर येणार आहेत. त्या जेवून गेल्यावर सांगण्याला काय अर्थ राहील?

युनबाई आधी बरोबर येते म्हणाल्या होत्या. आता तब्येत बरी नाही म्हणतात. असेलही. दादाने येतो म्हटलं नाही आणि येत नाही असंही म्हटलं नाही. भाऊबीजेचं त्याचं बोलावणं महिन्यापूर्वीचं आहे, ते त्याने मागे घेतलेलं नाही. मी ओवाळायला येते म्हणून कळवलं आहे. दार उघडायचं की नाही ते त्याच्याकडे.

आतोबांना नमस्कार. तुमच्या दोघांच्या मायेला मी पात्र राहीन असं बघते.

तुझी
ज्ञानदा

ता. क. महिला मंडळ आठवड्यातून एकदा, नमाजानंतर दुपारी भरतं. मी हातिजेबाईंकडे वेळ मागितली आणि तोच दिवस दादाला लिहून कळवला: शुक्रवार, २८ ऑक्टोबर.