बाबांच्या गाडीला कूलर

गुरुवार, २१ ऑगस्ट

मिस्त्रीने आज बाबांच्या जुन्या फियाटखाली हात घातला, तर बोटं गंजाने लाल. “भाऊ, बंद गॅरेजमंदी एवढी ओल आली कुठून?” मनात म्हटलं, कूलरमधून, दुसरं कुठून! बाबा गेल्यावर गाडी तापू नये म्हणून आईने उन्हाळाभर तिच्यासमोर कूलर चालू ठेवला. त्यात पाणी मीच भरायचो. ओलीने पत्रा सडतो, हे मला कळत होतं. मग बोललो काहून नाही?

संध्याकाळी सगळं सांगून टाकायला आईजवळ बसलो. त्याआधीच ती म्हणाली, “तुझ्या बाबाच्या गाडीले गरमी लागू देली नाही मी. पुढच्या उन्हाळ्यात दोन कूलर लावू गा.”

आणि मी, गाढव, दुसरा कुठे ठेवायचा ते विचारून बसलो.