टोझर आडनावाची माणसं

नॉर्विच,
१४ जानेवारी १९७४

चि. थर्झास,
थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. नुसती सही होती, म्हणजे लिहायला सवड नसणार हे समजलो. इकडे कोळशाच्या टंचाईपायी वीज कधी जाईल याचा नेम नाही. मेणबत्त्यांचा डबा हाताशी ठेवूनच बसतो. पण माझं बरं चाललंय. माझी बायको डोरा गेल्यापासून यंदाच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच हाताला काम मिळालंय.

काम आपल्या आडनावाचं. लायब्ररीत बसून मी साऱ्या इंग्लंड-वेल्सच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या आणि घरच्या नकाशात जिथे टोझर तिथे टाचणी टोचली. नॉर्विचात मी एकटा. वर उत्तरेकडे नकाशा कोराच म्हण ना. पण एक्झिटर आणि प्लिमथच्या मधे अशी दाटी झाली आहे की खालच्या गावांची नावं वाचता येत नाहीत! तिथून एक धार खाडीपलीकडे दक्षिण वेल्समध्ये गेली, कोळशाच्या मागे. दुसरी थेट समुद्रापार न्यूफाउंडलंडला, माशांच्या मागे. बाकी सगळे डेव्हनच्या मातीला चिकटून.

आणि नावाचा अर्थ ठाऊक आहे? जुन्या बोलीत ‘टोझ’ म्हणजे लोकर पिंजणं. आपण पिंजारी! गावातले वेबर आडनावाचे विणायचे, टकर आडनावाचे ते कापड पाण्यात तुडवायचे. पण आपण पिंजून दिल्याशिवाय त्यांचे हात रिकामे. पुढच्या वेळी मिसेस टकर नाक वर करून गेली की हे लक्षात ठेव.

आता तुझ्याकडे मागणं. आजोबा मुळात माळाकडच्या कुठल्या गावचे, ते बाबांना विचार. आणि चर्चच्या आवारातल्या आपल्या लोकांच्या थडग्यांवरची नावं उतरवून घे. तुलाही तेवढाच फेरफटका होईल. माझी छाती अजून धरलेलीच आहे, नाहीतर मीच आलो असतो.

माया आहेच, ती पत्रागणिक पोचती व्हावी.
तुझा,
ॲम्ब्रोस

ॲशबर्टनजवळ,
२ फेब्रुवारी १९७४

ती. ॲम्ब्रोसदादास,
थर्झाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. नाताळच्या आधी बाबांना दुसरा झटका येऊन गेला. कार्डावर लिहिणार होते, पण सणाच्या दिवसांत तुला कशाला घोर, म्हणून नुसती सही केली. त्यांची उजवी बाजू गेली आहे. बोलतात, पण शब्द भिजल्यासारखे येतात; माझ्याशिवाय फारसे कोणाला कळत नाहीत. सगळं अंथरुणातच. चादरी धुते, त्या वाळत नाहीत, मग चुलीभोवती टांगते. आत येणाऱ्याला वाटावं जहाजावर चढलो. नर्सबाई येतात, पाठ तपासतात, अजून फोड आलेले नाहीत म्हणून मला शाबासकी देतात. शाबासकी घेते आणि पुन्हा बादली उचलते.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पिंजारी ऐकून हसले, म्हणजे तोंडाची एक बाजू हसली. म्हणाले, जन्मभर रस्त्यावर खडी फोडली, लोकर पाहिली ती पायमोज्यात. मास्तरांना म्हणावं, शिकून वाया गेलात. अलीकडे तुला मास्तरच म्हणतात. नाव आठवत नाही की मुद्दाम म्हणतात, ते मी विचारत नाही. आजोबांच्या गावाचं विचारलं तर म्हणाले, ते त्यांच्या आईच्या घरून आले. एवढं तुझ्या नकाशावर कुठे टोचायचं ते तू बघ.

फेरफटक्याचं म्हणशील तर कित्येक रविवार झाले, मी चर्चलाही गेले नाही. वरच्या मळ्यातले मि. लस्कम दूध-कोळसा आणून देतात. शनिवारी दुपारी बाबांपाशी बसतात, तेवढ्यात मी बाजार उरकते. भला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या शनिवारी परत आले तर त्यांनी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालून ठेवलेल्या. घड्या इतक्या वेड्यावाकड्या की हसू आलं, आणि मग हसू थांबेना म्हणून परसात जाऊन उभी राहिले.

छातीला मोहरीचा लेप लाव. आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी,
थर्झा

नॉर्विच,
११ फेब्रुवारी १९७४

चि. थर्झास,
अ. उ. आ.

बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तू त्यांच्यापाशी आहेस ही केवढी देवाची कृपा. तू लहानपणापासून काटक. मला वारा लागला की ताप यायचा आणि तू ओढ्यात उतरून बाहुल्या धुवायचीस. पाठीला स्पिरिट चोळत जा. डोराच्या वेळी त्याने उपयोग झाला होता.

इकडे मोठी बातमी! नकाशातल्या टोझरांना मी जी पत्रं घातली त्यांतलं एक उत्तर वेल्समधल्या बॅरी बंदरावरून आलं. आयव्हर टोझर नावाचे गृहस्थ, गोदीत क्रेन चालवतात. अक्षर मोठं प्रेमळ. म्हणतात, आपलं मूळ गाव एकदा डोळ्यांनी पाहावं अशी इच्छा आहे. मी त्यांना आपल्या घराचा पत्ता कळवला आहे. आले तर त्यांना चहा दे. कदाचित चुलतघराणंच निघेल.

तुझे मि. लस्कम हेही अस्सल डेव्हनचेच, पण ते गावावरून पडलेलं आडनाव. धंद्यावरून पडलेल्या नावाची मजा त्याला नाही. माणसाच्या नावात त्याचे हात दिसले पाहिजेत. त्यांना हे सांगू नकोस, दूध बंद करतील.

थडग्यांची घाई नाही. ऊन पडलं की बघ.

लोभ वाढावा, दुखणी कमी व्हावीत.
तुझा,
ॲम्ब्रोस

ॲशबर्टनजवळ,
३ मार्च १९७४

ती. दादास,
स. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं उतरेल तसं पाठवते.

मि. लस्कमनी मला मागणी घातली आहे. मी सत्तावन्न वर्षांची आहे, हे मी त्यांना सांगितलं, जणू त्यांना दिसत नव्हतं. ते म्हणाले, आपण बासष्टचे, गाई सांभाळून उरतो तेवढा तुझा. मी हो म्हणाले. आधी मला वाटलं दमल्यामुळे हो म्हणाले, कोणीतरी बादलीची दुसरी बाजू धरावी म्हणून. पण तसं नाही. ते आले की मला माझा आवाज ऐकू येतो.

बाबांना ते वर मळ्यातल्या घरी न्यायला तयार आहेत. बाबा तयार नाहीत. म्हणतात, लस्कमच्या माडीवर मरायला मी काय त्याची गाय आहे. आपल्या खाटेवर मरेन. खाली हे घर, वर ते घर, मधे तो चढ. दोन्हीकडे मी पुरणार नाही. न्यूटन ॲबटच्या वृद्धाश्रमात वसंतात एक खाट मोकळी होईल म्हणतात. जाऊन पाहिला. स्वच्छ आहे. सगळे म्हातारे भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेले, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तू साऱ्या देशातले टोझर शोधलेस. त्यांतला एक इथे आडवा पडलाय आणि त्याने तुझं तोंड पाहून चार वर्षं होतील. पिंजाऱ्यांचं काय झालं ते मला नको सांगूस. या एकाचं काय करायचं ते सांग.

काही कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.
थर्झा

नॉर्विच,
९ मार्च १९७४

चि. थर्झास,

तुझं लिहिलेलं सगळं खरं आहे. लस्कम भाग्यवान, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू पत्र बाजूला टाकशील.

मला छातीचं दुखणं आहे, पण ते कारण नव्हे. डोराच्या शेवटच्या दिवसांत मी तिचं सगळं केलं. न्हाऊ-माखू घालणं, भांडं देणं, सगळं. ती गेली तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली, आणि जाग आल्यावर खोलीत तोच वास होता. महिनाभर खिडक्या उघड्या ठेवल्या. तसल्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. टाचण्या टोचत बसलं की बरं वाटतं. कोणी मरत नाही त्यात.

आणखी एक. तुझं लग्न झालं आणि बाबा गेले की आपल्या गावात टोझर उरणार नाही. हे मनात आलं याची लाज वाटते, पण आलं.

वृद्धाश्रम स्वच्छ असेल तर तेच करावं असं मला वाटतं. तुला जमेल तसं कर, मी शब्दाने दोष देणार नाही.

याहून चांगला भाऊ तुला मिळायला हवा होता.
ॲम्ब्रोस

ॲशबर्टनजवळ,
२० मार्च १९७४

ती. दादास,
नमस्कार.

रागावले नाही. रागाला ताकद लागते. डोराचं तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. मी तेव्हा केक पाठवला होता. केक!

परवा सकाळी कोळसा आणायला बाहेर गेले आणि तेवढ्यात बाबा खाटेवरून पडले. कामावर निघाले होते म्हणे. रस्त्यावर खडीची गाडी येऊन उभी असेल, उशीर झाला तर मुकादम बोलेल. मला ते उचलवेनात. ओढून पाहिलं, उशी लावून पाहिलं. शेवटी रजई घेतली आणि जमिनीवर त्यांच्या शेजारीच पडून राहिले. दूध घेऊन हे येईपर्यंत. बाबा मला म्हणाले, पोरी, तू कशाला झोपलीस, तुला शाळा नाही का. फार छान वाटलं मला तिथे, खरं सांगते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली होती.

तिथे पडल्या पडल्या ठरवलं. लग्न सत्तावीस एप्रिलला. बाबांसाठी वृद्धाश्रमातली खाट सांगून ठेवली आहे, त्याच आठवड्यात नेतील. तू ये म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. फक्त कळवलं.

जपून राहा.
थर्झा

ॲशबर्टनजवळ,
२ मे १९७४

सौ. थर्झा लस्कम हिस,
अनेक आशीर्वाद, आणि मेहुण्यांना नमस्कार.

समुद्रकाठी इल्फ्राकूमला ऊन आहे की धुकं? इथे सगळं ठीक आहे असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून खरं लिहितो. लग्न आटोपून तुम्हा दोघांना बसमध्ये बसवून परत आलो तेव्हापासून मी धड झोपलेलो नाही. बाबांना कुशीवर वळवताना माझी कंबर धरते आणि मग दोघंही एकदम ओरडतो. दाढी करताना पहिल्या दिवशी कापलं. ते म्हणाले, मास्तर, शिकवता येतं तेवढंच करा. दूध-पावाची पेज घशाखाली उतरत नव्हती, तर मी थोडी साय घातली. मग वाटी रिकामी. वृद्धाश्रमाला नकार कळवताना तिथल्या बाई मला म्हणाल्या होत्या, आठ दिवसांत तुम्हीच खाट मागायला याल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

खोलीला तोच वास आहे. खिडकी उघडून ठेवतो, बाबा बंद करा म्हणतात, मी बंद करतो. हात गार पडत नाहीत. पडायला फुरसत नाही.

काल बॅरीचे आयव्हर टोझर खरंच आले. बायकोसकट, छोट्या गाडीतून, हातात केळ्यांचा फणा. मी तीन दिवसांच्या दाढीनिशी दार उघडलं. चहा टाकता टाकता त्यांच्या आजोबांचं गाव विचारलं, तर ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, पत्रात लिहायचं धैर्य झालं नाही. त्यांच्या वडिलांना अनाथाश्रमातून आणलेलं. गोदीतल्या टोझर नावाच्या माणसाने वाढवलं आणि नाव दिलं. रक्ताने आपण कोणीच नव्हे, तुमचा वेळ घेतला, माफ करा. मला फक्त झोप येत होती, थर्झा.

तेवढ्यात आतून बाबांनी विचारलं, कोण आलंय. आयव्हर आत जाऊन म्हणाले, टोझर. बाबांनी त्यांचा हात धरला, उलटसुलट केला, क्रेनच्या दांड्याने पडलेल्या घट्ट्यांवरून बोट फिरवलं. कुठल्या रस्त्यावर काम, असं विचारलं. आयव्हर म्हणाले, गोदीवर. बाबा म्हणाले, तेही कामच. मग दोघं बराच वेळ बोलले. एकाला एक बाजूने बोलता येत नाही, दुसऱ्याचं वेल्सचं हेल काढून बोलणं. तरी दोघांचं जमलं. मी खुर्चीत टेकलो तो एकदम दिवेलागणीला उठलो. बाबांची चादर बदललेली, बाबा झोपलेले. त्या नवराबायकोने सगळं केलं आणि मला उठवलं नाही. जाताना आयव्हरनी विचारलं, ऑगस्टात पुन्हा आलो तर चालेल का. मी म्हटलं, घरचं माणूस विचारून येतं होय?

आता कामाचं. नॉर्विचचं घर मी विकायला काढलं आहे. त्यावर तू काही बोलू नकोस, मी ऐकणार नाही. बाबांना किती दिवस आहेत ते डॉक्टरांना सांगता येत नाही. जेवढे असतील तेवढे याच खाटेवर.

तू शनिवारी परतशील तेव्हा आधी इकडे येऊ नकोस. वाटेत खिडकीतून हात कर आणि सरळ वर मळ्यावर जा. तुझ्या घरी चहा पी. झोप. दुसऱ्या दिवशीही झोप. बाबांना आंघोळ घातलेली असेल.

तुझ्या लोभात थोडी जागा मिळावी ही विनंती.
तुझा,
ॲम्ब्रोस