माझ्या सहीचा ट्रे

९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आमच्या तपासणीच्या खोलीत एक नवीन बाई आल्यात. हृदयाच्या नळीत बसवायच्या स्टेंटच्या जाळ्या आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. यांना एकही जाळी सहजी पसंत पडत नाही, म्हणून सगळे त्यांना नाही-बाई म्हणतात. काल आम्हाला नाटकाला जायचं होतं. शेवटचा चाळीस जाळ्यांचा ट्रे मी भराभर बघून सही ठोकली आणि निघाले, तर बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच नापास. साहेबांकडे तक्रार करावी म्हणते.

माया आहेच, ती वाढती राहो.
तुमची सुई

२१ जून

चि. सुईस,
अ. उ. आ.

आधी शेवटपर्यंत वाच, मग रागव. मंगळवारी कापडाचा तागा घेऊन दुकानाचा जिना चढताना छातीत कळ आली. दादाने उचलून इस्पितळात नेलं. तुला कळवू नको असं मीच त्याला दटावलं होतं. मनगटातून तार घातली, फुगा फुगवून नळी रुंद केली आणि तिथे जाळी बसवली. आता ठणठणीत आहे. कात्री मात्र महिनाभर दादाच्या ताब्यात.

जाळीचं कार्ड मिळालंय, नंबर या पत्राच्या मागे लिहिलाय. तुझ्या हातची आहे का बघ. असली तर गिऱ्हाइकांना सांगत सुटेन.

काळजी नसावी.
तुझे बाबा

२८ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावले आहे, ते भेटल्यावर. रविवारी येते.

नंबर रजिस्टरमध्ये शोधला. ८ जानेवारी, शेवटचा ट्रे, माझी सही. नाटकाच्या दिवसाचा. ज्यांच्याकडून बारीक बघायला शिकले, त्यांच्याच काळजात मी न बघितलेली जाळी. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग ओळीच्या टोकाला बारीक अक्षरातली दुसरी सही दिसली. नाही-बाईंची. त्या संध्याकाळी मी गेल्यावर त्यांनी चाळीसही जाळ्या पुन्हा पाहिल्या होत्या आणि दोन खराब म्हणून बाजूला काढल्या होत्या. तुमची त्यांनी पास केलेली आहे, बाबा. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मला थांबवलं का नाही, असं त्यांना विचारलं. तर म्हणाल्या, तुमचं नाटक चुकलं असतं. मी त्यांच्यासमोर रडले. साहेबांकडे गेले, पण तक्रार स्वतःचीच केली.

तुमची
सुई

३ जुलै

चि. सुईस,
अ. उ. आ.

चुकलीस, आणि ते स्वतः सांगितलंस. आता जेव. त्या बाईंचं माप पाठव, कात्री हातात आली की कोट शिवतो. पसंत पडेपर्यंत उसवून देईन.

एक सांगायचं राहून गेलंय. लहानपणी तू दुकानात हौसेने बटणं लावायचीस आणि शाळेत पळायचीस. ती सगळी मी उसवून पुन्हा लावायचो.

रविवारी वाट बघतो.
तुझे बाबा